डावीकडचं उजवीकडे

१

दुकान म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत काउंटर आणि गिऱ्हाइकांसाठी दोन खुर्च्या. त्यातली एक कुरकुरते. मागच्या खोलीला दार नाही, पडदा आहे. पडद्याआड कॉम्प्युटर आणि स्कॅनर. लोक जुने फोटो घेऊन येतात. भिजलेले, दुमडलेले, वाळवीने खाल्लेले, रागाच्या भरात फाडून मग रडत चिकटवलेले. आम्ही ते नीट करून देतो. 'आम्ही' म्हणायची सवय अजून गेलेली नाही. आठ महिन्यांपासून मी एकटाच आहे.

माझ्या मुलीला आम्ही बारकी म्हणायचो. सव्वीस वर्षांची झाली तरी बारकीच. सकाळी ती एका शाळेत चित्रकला शिकवायची आणि बरोबर चार वाजता दुकानात यायची. तोवर कॉम्प्युटर माझ्याकडे. मी आलेले फोटो स्कॅन करून ठेवायचो. चार वाजले की मी पुढे काउंटरवर आणि ती मागे. संध्याकाळी गिऱ्हाइकांची गर्दी असते, त्यामुळे एका छपराखाली असूनही आमचं बोलणं चिठ्ठ्यांवर चालायचं. प्रत्येक कामाचं एक फोल्डर, त्यात फोटो आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीत मी गिऱ्हाइकाचं म्हणणं टाइप करायचो. तिला शंका असली की ती खाली लिहायची. मी दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर द्यायचो.

कॉम्प्युटर चालवणारी लिनक्स ही प्रणाली तिनेच घातली होती. आधी मशीन दर चार दिवसांनी रुसायचं. तिने एका रविवारी सगळं पुसून टाकलं आणि म्हणाली, "हे हलकं आहे बाबा, आणि सांगितलेलं ऐकतं."

"मग तुझ्यापेक्षा बरंच म्हणायचं," मी म्हटलं.

फोल्डर ज्या खिडकीत उघडतात त्याला फाइल मॅनेजर म्हणतात, हेही तिनेच शिकवलं. तिचा फाइल मॅनेजर दोन खणांचा होता. डावीकडच्या खणात 'आलेले', उजवीकडच्या खणात 'झालेले'. काम झालं की डावीकडचं उजवीकडे न्यायचं. उलट कधीच नाही. मी एकदा घोटाळा केला होता तेव्हा तिने मला लहान मुलाला सांगावं तसं दोन्ही हात वर करायला लावून डावं-उजवं शिकवलं. काउंटरवर गिऱ्हाईक उभं होतं, तेही हसलं.

'झालेले'च्या आत तिने आणखी एक फोल्डर ठेवलं होतं, 'काढलेले'. कुणी म्हणायचं, यातला माझा भाऊ काढा. कुणी म्हणायचं, या बाई नकोत. बारकी तेवढा माणूस कातरून घ्यायची, मागची भिंत किंवा झाड पुन्हा असं रंगवायची की तिथे कधी कुणी उभं होतं असं वाटू नये, आणि कातरलेला माणूस 'काढलेले'मध्ये ठेवून द्यायची. "टाकवत नाही हो," म्हणायची. "उद्या पस्तावून परत आले तर?" पस्तावून परत आलेलं गिऱ्हाईक मी तरी पाहिलं नव्हतं.

माणूस काढायच्या आधी ती चिठ्ठीत दोनच शब्द लिहायची: 'नक्की ना?' मी गिऱ्हाइकाला फोन करायचो आणि त्याखाली 'हो' लिहायचो. तो 'हो' दिसल्याशिवाय तिने कधी कुणाला हात लावला नाही.

दवाखान्यात ती नऊ दिवस होती. सातव्या दिवशी मी सांगितलं की ते दोन खण मला झेपत नाहीत, काहीतरी सोपं लावून घेतो. ती म्हणाली, "मशीनचं काही बदलू नका हं. मी आल्यावर करते सगळं."

२

आठ महिने मी काही बदललं नाही. रोज सकाळी खिडकी उघडली की डावीकडे तिने रुंद केलेले रकाने दिसायचे. यादीत सगळ्यात वर 'आम्ही' असायचं. ते आमच्या घरच्या फोटोंचं फोल्डर. घरच्या अल्बमला वाळवी लागली होती. तिने पानन् पान स्कॅन करून घेतलं, अल्बम फेकून दिला, आणि त्या फोटोंवरची भोकं फावल्या वेळात बुजवायची. घरचं काम शेवटी, या न्यायाने ते दोन वर्षं 'आलेले'मध्येच पडून होतं. मी ते उघडायचो नाही. निवडीची रंगीत पट्टी मात्र रोज त्याच नावावर येऊन थांबलेली असायची, कारण शेवटच्या दिवशी बारकी तिथे थांबली होती.

एका सकाळी मला ते सोसेना. तिचं जे तिथल्या तिथे ठेवलं होतं ते ती येणार म्हणूनच ना? आणि ती येणार नाही हे मला माहीत होतं, शेंबड्या पोरालाही कळेल. मग मी कुणाला फसवतोय? मी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला फोन लावला. तो लहानपणी बारकीच्या वर्गात होता, मला काका म्हणतो.

"काका, नवा फाइल मॅनेजर तुमच्या मशीनवर आहेच. फक्त मशीनला सांगायचंय की यापुढे फोल्डर उघडायचं झालं की याला बोलव. मी एक ओळ सांगतो, ती टाइप करा."

मशीनला हुकूम द्यायची एक काळी खिडकी असते, तिच्यात मी एक बोट वापरून ती ओळ टाइप केली. काहीच झालं नाही.

"काही झालं नाही म्हणजे झालं," तो म्हणाला. "आता दुसरी ओळ. मशीनला विचारायचं, फोल्डर कोण उघडणार?"

विचारलं. खाली नव्याचं नाव आलं. इतकं सोपं होतं ते.

"जुना काढून टाकू का पार?" त्याने विचारलं.

"राहू दे," मी म्हटलं.

नवी खिडकी एका खणाची होती, कोरी. मला हायसं वाटलं आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली.

त्याच दिवशी शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई आल्या. फोटोत त्या आणि त्यांचे यजमान कारंज्याच्या कट्ट्यावर बसलेले, आणि दोघांच्या मध्ये पाच-सहा वर्षांची एक मुलगी, दात पडलेली, खुशाल हसत.

"ही कोण?"

"देव जाणे. फोटो काढताना मध्ये येऊन बसली आणि फोटो झाल्यावर पळाली. चाळीस वर्षं आमच्या बैठकीत आहे. येणारा प्रत्येक जण विचारतो, मुलगी काय करते हल्ली?" बाई हसल्या. "आम्हाला मूल नाही. हे होते तोवर हे काहीतरी थाप मारायचे, डॉक्टर झाली, परदेशात असते. आता एकटीला उत्तर देववत नाही."

मी एक जुनी चिठ्ठी कॉपी केली, तिच्यातला मजकूर बदलला आणि नव्या खिडकीत जाऊन बाईंच्या फोल्डरमध्ये ठेवली. चिठ्ठीत लिहिलं: 'मधली मुलगी काढावी. ती आमची नाही.' बाईंचेच शब्द. मी नेहमी गिऱ्हाइकाचेच शब्द लिहितो.

दुसऱ्या दिवशी सकाळी 'अलीकडच्या' यादीतून थेट चिठ्ठी उघडली, तर खाली 'नक्की ना?' होतं. मी बाईंशी कालच बोललो होतो, म्हणून फोन न करता 'हो' लिहिलं, बंद केलं आणि चहा टाकला. कप तोंडाला लावला तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की हे विचारायला आता दुकानात कुणीच नाही.

चहा तसाच ठेवून मी विचार केला. चिठ्ठी जुनीवरून कॉपी केलेली. जुनीतलं 'नक्की ना?' पुसायचं राहिलं असणार. झालं. माणूस एकटा पडला की असं होतं, असं म्हणून मी थंड चहा प्यालो.

३

त्यानंतर चार वाजले की मागच्या खोलीतून आवाज यायला लागले. आवाज कसले, उंदीर बरे इतके बारीक. माऊसचं चाक फिरल्याची किरकिर. मग दोनदा टकटक. बारकी विचार करताना कीबोर्डवरचं एकच बटण दोनदा दाबायची, उगाच. आपल्याला एखादा आवाज वर्षानुवर्षं ऐकायची सवय असली की तो नसतानाही कान तो भरून काढतात. शिवाय शेजारी घड्याळजीचं दुकान आहे आणि मधली भिंत म्हणजे नुसतं लाकूड. मी स्वतःला हे सांगायचो आणि पडदा बाजूला करायला मात्र उठायचो नाही.

चौथ्या दिवशी उठलो. खोलीत कुणी नव्हतं. खुर्ची टेबलापासून दूर होती. मी ती आत सारून जातो. पण नेहमी सारतोच असं छातीठोकपणे कोण सांगेल? मी बसलो. फोटो दुरुस्त करायच्या प्रोग्रॅममध्ये एक काम उघडं होतं. त्यात एक बटण आहे, 'फोल्डरमध्ये दाखवा'. ते दाबलं. समोर दोन खणांची खिडकी आली. तिची. तिचे रुंद रकाने, डावीकडे 'आलेले', उजवीकडे 'झालेले'.

मी दुरुस्तीवाल्याला फोन केला. आवाज शक्य तितका साधा ठेवला.

"मशीनला विचारलंत का, फोल्डर कोण उघडणार?"

"विचारलं. नव्याचंच नाव सांगतंय."

"हां, मग ते वेगळं. काही प्रोग्रॅम तुम्ही नेमून दिलेल्याला विचारतच नाहीत काका. ते नुसती हाक मारतात, आणि जो आधीपासून हजर असेल तो ओ देतो."

"म्हणजे?"

"म्हणजे जुना बंद नाहीये. तो आत चालूच आहे. तुम्हीच कधीतरी उघडला असणार."

"मी नाही उघडला."

"मग कुणीतरी उघडून ठेवलाय," तो सहज म्हणून गेला. त्यालाही चार वाजता कोण यायचं ते माहीत होतं. "रविवारनंतर येऊन बघून जातो," म्हणाला.

४

त्या बुधवारी ही मला म्हणाली, "एक फोटो मोठा करून आणा."

ही म्हणजे माझी बायको. आठ महिन्यांत हिने घरात बारकीचा एकही फोटो लावू दिला नव्हता. भिंतीला लागला की संपलं, असं तिचं म्हणणं. हिच्या फोनमध्ये होते ते फोटो बारकीने, ती असतानाच, दुकानाच्या कॉम्प्युटरवर घेऊन फोन रिकामा करून दिला होता. त्यामुळे जे काय होतं ते दुकानात, 'आम्ही'मध्ये. ही दुकानाची पायरी चढायची नाही. जेवायला बसली तरी ताटाकडे बघत बसायची. बारकीचं कपाट तिने उघडलंही नव्हतं आणि मला उघडूही दिलं नव्हतं. म्हणून मी भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून बसलो.

"कुठला?" मी विचारलं.

"पायरीवरचा. आपण दोघं आणि ती मध्ये. तिने तुमचं बोट धरलंय तो."

"तीन वर्षांची असेल."

"साडेतीन. तुम्हाला कधी काही आठवलंय?" ती म्हणाली, आणि आठ महिन्यांनी पहिल्यांदा माझ्यावर डाफरली म्हणून मला बरं वाटलं. "रविवारी लावू. मी खिळा मारून ठेवते. मला आता तिच्याकडे बघायचंय हो. कपाटाच्या दाराकडे बघून बघून मला वेड लागेल."

खिळा तिने त्याच दुपारी मारला. फोटोच्या आधी खिळा. मी घरी आलो की ती त्या खिळ्याकडे बघत बसलेली दिसायची. आज नाही आणलात? उद्या नक्की. असं आमचं चाललं होतं.

५

गुरुवारी सकाळी मी 'आम्ही' उघडलं.

पायरीवरचा फोटो होता. मी होतो, केस काळे असलेला. ही होती, दोन वेण्यांतली. आमच्या मध्ये पायरी होती. पायरीच्या कडेला एक टवका उडालेला आहे, तो बारकीच्या फ्रॉकमागे झाकलेला असायचा. आता तो दिसत होता. टवक्यात साचलेली धूळही दिसत होती. बारकीने धरलेलं माझं बोट गुडघ्यावर टेकवलेलं होतं, चार बोटांबरोबर.

मी हा धंदा चाळीस वर्षं करतोय. खोटं काम मला मैलावरून कळतं, कुठेतरी एक कड बोथट राहते, सावली चुकते. मी फोटो मोठा करत गेलो, ठिपके दिसेपर्यंत. कुठे चूक नव्हती. इतकं सफाईदार काम करणारं माणूस मला एकच माहीत होतं.

तीनशे चौदा फोटो होते. मी सगळे पाहिले. झोपाळा होता, बसायची जागा थोडी मागे गेलेला, वर कुणी नाही. शाळेच्या रांगेत दोन मुलींमध्ये हात घालता येईल एवढी फट होती. हिच्या कडेवर कुणी नव्हतं आणि तरी हिची कंबर एका बाजूला झुकलेली होती. तेवढी एक कंबर तिने तशीच सोडली होती, का कोण जाणे. फोटो शेवटचे बदलल्याच्या तारखा वेगवेगळ्या, वेळ मात्र सगळ्यांची चारनंतरची.

जास्तीची प्रत म्हणून एक डिस्क तिने जोडून ठेवली होती. तीही उघडली. इथे बदललं की तिथे आपोआप बदलावं अशी तिचीच व्यवस्था होती, आणि ती चोख चालू होती.

मी दोन खणांच्या खिडकीत 'काढलेले' उघडलं. लोकांचे भाऊ, नवरे, नको झालेल्या बाया ओळीने होत्या, आणि त्यांच्यानंतर बारकी. तीनशेहून जास्त बारक्या. कडेवरची बारकी, कडेशिवाय. झोपाळ्यावरची, बसल्यासारखी पाय दुमडून, खाली काही नाही. पायरीवरची, आणि तिची मूठ कशाभोवती तरी घट्ट मिटलेली. मी टेबलावर डोकं ठेवून रडलो. पुढे कुणीतरी बेल वाजवत होतं, वाजवून वाजवून गेलं.

मग मी तिला उचलून परत पायरीवर ठेवलं. माझा हात तिच्यासारखा नाही, कड दिसत होती. तरी ठेवलं. शुक्रवारी सकाळी पाहिलं तर पायरीचा टवका पुन्हा दिसत होता, आणि मी जिथे रंग सांडला होता तेही तिने निस्तरून ठेवलं होतं.

६

शुक्रवारी दुपारी बाई आल्या. कुरकुरणाऱ्या खुर्चीवरच बसल्या.

"माझा फोटो झाला का हो?"

मला आठवलंच नव्हतं. मी आत जाऊन फोल्डर उघडलं. कारंज्याच्या कट्ट्यावर दात पडलेली मुलगी तशीच हसत होती. कुणी हात लावला नव्हता.

"अजून नाही बाई."

"बरं झालं," त्या म्हणाल्या आणि रुमालाने उगाच चष्मा पुसत राहिल्या. "राहू द्या तिला. फोटो तुमच्याकडे दिल्यापासून बैठकीत बसवत नाही मला. आमची नाही, हे खरंय. पण चाळीस वर्षं घरात होती. आता कुणी विचारलं तर सांगेन, डॉक्टर झाली म्हणून."

चाळीस वर्षांत पस्तावून परत आलेलं हे पहिलं गिऱ्हाईक. बारकी असती तर तिने मला चिडवून भंडावून सोडलं असतं. बाईंना फोटो देऊन मी चिठ्ठीत 'रद्द' लिहायला आत गेलो.

बाईंच्या फोल्डरमध्ये चिठ्ठी नव्हती.

यादीत बाईंच्या फोल्डरच्या वरची ओळ म्हणजे 'आम्ही'. काल फोटो बघताना मी फक्त फोटो बघितले होते. आता नीट पाहिलं, तर तीनशे चौदा फोटोंच्या तळाशी चिठ्ठी. एका ओळीचा फरक. तिच्या खिडकीत दोन्ही बाजू समोर दिसायच्या, चूक झाली तरी लगेच कळायची. माझ्या नव्या कोऱ्या खिडकीत मी पहिल्याच दिवशी एक ओळ वर चिठ्ठी ठेवून आलो होतो.

मी ती वाचली, तिने वाचली असेल तशी.

'मधली मुलगी काढावी. ती आमची नाही.'

'नक्की ना?'

'हो.'

ती चार वाजता आली असणार. बघितलं असणार की बाबांनी खिडकी बदलली. आणि खाली बाबांच्या हातची चिठ्ठी. तरी तिने विचारलं. कुणालाही काढायच्या आधी विचारायची, तसं स्वतःलाही काढायच्या आधी विचारलं. आणि मी चहाची घाई असल्यासारखं 'हो' लिहिलं. तिने हुज्जत घातली नाही. लहानपणी पाण्याचा पेला सांडला तरी हुज्जत घालणारी माझी पोर, ती गपचूप बसून एकेक फोटो करत गेली.

मी त्याखाली एका बोटाने लिहिलं: 'नाही. चूक माझी झाली. चिठ्ठी दुसऱ्यांची होती. मधली मुलगी आमचीच आहे.' मग ती काळी खिडकी उघडून मशीनला सांगितलं, यापुढे फोल्डर जुन्यानेच उघडायची. विचारलं, कोण उघडणार? जुन्याचं नाव आलं.

मी दुकानाची फळी अर्धी लावून घेतली आणि काउंटरवर बसलो. चार वाजले. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. शेजारी घड्याळजीचं दुकान त्या दिवशी बंद होतं.

पडद्याला एका बाजूला बोटभर फट राहते. त्यातून खुर्ची दिसत नाही, फक्त कॉम्प्युटरच्या पडद्याचा अर्धा भाग दिसतो. तिथे चिठ्ठी उघडी होती. बारकीला वाचताना माऊसने ओळ निळी करायची सवय होती. मी पाहिलं, 'ती आमची नाही' ही ओळ निळी झाली. बराच वेळ निळीच राहिली. मग 'हो' निळा झाला. तो त्याहून जास्त वेळ. मग मी नवीन लिहिलेल्या ओळी, एकदाच, भराभर, आणि पुन्हा वर 'हो'.

"बारके," मी म्हटलं.

दोनदा टकटक झालं. चिठ्ठी बंद झाली.

७

शनिवारी सकाळी पायरीवरच्या फोटोत ती होती.

मी एकटाच दुकानात मोठ्याने हसलो. प्रिंटरवर चांगला कागद चढवला. छापून आला तो ओला असतानाच छातीशी धरता धरता थांबलो. रविवारी सकाळी फ्रेम घेऊन घरी गेलो. हिने केस विंचरले होते. तिने स्वतःच फोटो खिळ्याला लावला, दोन पावलं मागे गेली आणि बघत राहिली. मी तिच्याकडे बघत होतो. आठ महिन्यांनी माझ्या बायकोच्या चेहऱ्यावर काहीतरी परत येत होतं, आणि मग ते यायचं थांबलं.

"अहो," ती म्हणाली, "ही अशी लांब का बसलीये?"

मी दुकानात पाहिलं होतं. पण वाटलं होतं की हिच्या लक्षात येणार नाही.

बारकी पायरीवर आमच्या मध्येच होती, पण आमच्यातल्या कुणालाही लागून नव्हती. दोन्ही बाजूंना वीतभर जागा सोडून, अंग चोरून बसलेली. तिचे दोन्ही हात पाठीमागे होते. माझं बोट पूर्वीसारखं पुढे होतं, कुणीतरी धरावं म्हणून काढलेलं, आणि ते तसंच मोकळं होतं. बाकीचे फोटोही मी पाहिले होते. सगळ्यांत ती परत आली होती. झोपाळ्यावर दोरी न धरता. शाळेच्या रांगेत, रांगेच्या जरा मागे. कुठेही कुणाला तिचा स्पर्श होणार नाही इतकं मोजून.

"तिने तुमचं बोट धरलं होतं," ही म्हणाली. "मला पक्कं आठवतंय."

"नाही. त्या दिवशी रुसली होती."

"कशावरून?"

"मी काहीतरी बोललो होतो तिला."

हिने पुढे जाऊन काचेवर हात ठेवला, बारकी आणि माझ्या मधल्या रिकाम्या जागेवर. "मग समजूत काढायची होती ना," ती म्हणाली. "एवढुशी तर होती."

दुरुस्तीवाला येऊन गेला. त्याला मशीनमध्ये काही सापडलं नाही. मी रोज चार वाजायच्या आधी आत जातो, 'आम्ही'मधली चिठ्ठी उघडतो आणि तीच ओळ पुन्हा लिहितो: मधली मुलगी आमचीच आहे. आता चिठ्ठी पाच पानांची झाली असेल. संध्याकाळी ती सगळी वाचली जाते, ओळ न् ओळ निळी होताना मी फटीतून बघतो. सकाळी मी सगळ्यात आधी चिठ्ठीचा तळ बघतो. 'नक्की ना?' असं तिने पुन्हा एकदाही विचारलेलं नाही.